गाठ शोधणारा सीटी: डोस कमी करताना कुठे हात घालायचा, कुठे नाही

सीटी स्कॅनमध्ये पेशंटला मिळणारा किरणांचा डोस कमी करायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी एमएच्या (एक्स-रे ट्यूबमधल्या विद्युतप्रवाहाच्या) आकड्याकडे जातो. तो खरं तर सगळ्यात शेवटी जायला हवा. नको असलेल्या फेज (कॉन्ट्रास्ट औषध टोचण्याआधी आणि नंतर ठरावीक वेळी घेतलेले स्कॅन) गाळणं, पेशंट गँट्रीच्या (मशीनच्या गोल चौकटीच्या) बरोबर मध्यावर आणणं, स्कॅनची लांबी आवरणं, केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) बदलणं ही कामं त्याआधीची. त्यांत इमेजचं नुकसान होत नाही, उलट काही वेळा ती सुधारतेच. एमए उतरवला की मात्र दर वेळी काहीतरी गमवावं लागतं. म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवला आहे.

आधी ठरवा, शोधायचं काय आहे

इमेज चांगली की वाईट हे नुसतं बघून सांगता येत नाही. कोणत्या कामासाठी, ते आधी विचारावं लागतं. हवा भरलेलं फुप्फुस साधारण उणे ८५० एचयूला (हाउन्सफील्ड युनिट; पाणी ० धरून मोजलेली इमेजमधली घनता) असतं आणि त्यातली घट्ट गाठ अधिक ३० च्या आसपास. फरक जवळजवळ ९०० एचयूचा. तिथे नॉइज (इमेजमधले दाणे) ४० एचयू असला तरी ६ मिमीची घट्ट गाठ लपत नाही. म्हणूनच फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगमध्ये मध्यम बांध्याच्या माणसाला सीटीडीआयव्हॉल हा डोसचा आकडा ३ मिलिग्रेच्या आत ठेवता येतो. अमेरिकेतल्या एनएलएसटी चाचणीचे निकाल २०११ मध्ये आले. सरासरी १.५ मिलिसिव्हर्टच्या कमी डोसच्या सीटीने, छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं.

आता लिव्हर बघा. पोर्टल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये पसरलेलं असताना) लिव्हर ११० एचयू धरा, मेटास्टेसिस (दुसरीकडून पसरलेली कर्करोगाची गाठ) ७५. फरक जेमतेम ३५. गाठ ८ मिमीची आणि स्लाइस ५ मिमीचा असेल, तर कडेच्या स्लाइसमध्ये निम्मं लिव्हर मिसळून हा फरक १५-२० वर येतो. अशा ठिकाणी नॉइज १२ वरून २० वर गेला की गाठ त्या दाण्यांत विरघळून जाते आणि ती तिथे होती हे कोणालाच कळत नाही. फुप्फुसात डोस निम्म्याहून खाली आणता आला, मग लिव्हरमध्येही आणू, हा हिशेब इथेच चुकतो. स्वादुपिंडाचंही तसंच.

यातून निघणारं पहिलं काम कन्सोलवरचं आहे. प्रोटोकॉलची (मशीनमध्ये साठवलेल्या सेटिंगची) नावं अवयवावरून ठेवू नका, प्रश्नावरून ठेवा. ‘पोट कॉन्ट्रास्ट’ या एका नावाखाली सगळं घातलं की सगळ्यांना सगळ्यात जास्त डोस मिळतो. ‘लिव्हर मेट फॉलोअप’ (मेट म्हणजे मेटास्टेसिस), ‘एचसीसी’ (लिव्हरचा मूळचा कर्करोग), ‘किडनी मास’, ‘नोड्यूल फॉलोअप’ (फुप्फुसातली लहान गाठ) अशी वेगळी खाती करा.

आकडे वाचायला शिका

मशीन स्कॅनआधीच सीटीडीआयव्हॉल आणि डीएलपी दाखवतं. पहिला म्हणजे डोसची तीव्रता, मिलिग्रेमध्ये. त्याला लांबीने गुणलं की डीएलपी. १२ मिलिग्रे आणि ४५ सेमी म्हणजे ५४० मिलिग्रे-सेमी. पोट आणि ओटीपोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणलं की ८.१ मिलिसिव्हर्ट, छातीसाठी गुणक ०.०१४. हा इफेक्टिव्ह डोस (अवयवांची किरणांबाबतची नाजूकता धरून काढलेला) दोन प्रोटोकॉलची तुलना करायला ठीक आहे. समोरच्या पेशंटचा वैयक्तिक धोका त्यावरून काढू नये.

आणखी एक गोम आहे. सीटीडीआयव्हॉल पेशंटच्या अंगातला डोस नव्हे. तो ३२ सेमी व्यासाच्या (डोक्यासाठी १६ सेमी) अॅक्रिलिक फँटममध्ये (माणसाऐवजी वापरायच्या नमुन्यात) मोजलेला असतो. बारीक माणसाला प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळतो. स्काउटवर (स्कॅनआधीच्या एक्स-रेसारख्या आखणीच्या इमेजवर) पेशंटची रुंदी २८ सेमी आणि जाडी २० सेमी आली, तर दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: २३.७ सेमी. एएपीएम या अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या २०११ च्या तक्त्यात या मापाला गुणक साधारण १.५५ आहे. म्हणजे पडद्यावरचे १२ मिलिग्रे या पेशंटसाठी साडेअठराच्या वर गेले. यालाच एसएसडीई (पेशंटच्या मापानुसार काढलेला डोस) म्हणतात. लहान मुलांच्या बाबतीत हे गणित टाळूच नका. कोणत्या फँटमचा आकडा दिसतोय हे न बघता मुलांचे डोस ताडून पाहिले, तर तुलना दुपटीने चुकू शकते.

सगळ्यात मोठी बचत: फेज

एका उदाहरणातच सगळं कळेल. प्लेन (कॉन्ट्रास्टशिवाय), आर्टिरियल (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना), पोर्टल आणि डिलेड (काही मिनिटांनंतर) अशा चार फेज, प्रत्येक ४५ सेमी, १२ मिलिग्रे. एकूण डीएलपी २१६०, म्हणजे ३२ मिलिसिव्हर्टच्या पुढे.

एचसीसीचा संशय असेल तर आर्टिरियल आणि डिलेड फेज फक्त लिव्हरपुरत्या, २२ सेमी घ्या आणि पोर्टल पूर्ण घ्या. २६४, ५४० आणि २६४ मिळून १०६८. डोस निम्मा झाला, आणि आर्टिरियलमध्ये उजळणं व नंतर वॉशआउट होणं (गाठ लिव्हरपेक्षा काळी पडणं), हे निदानाला लागणारं दोन्ही हातात आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा फॉलोअप असेल तर बहुतेक वेळा एकटी पोर्टल फेज पुरते: ५४०. पहिल्याच्या पाव डोसात काम झालं, आणि एमएला कोणी हातही लावलेला नाही.

प्लेन फेज सरसकट उडवू नका. किडनीतली गाठ कॉन्ट्रास्ट घेते की नाही हे प्लेनशिवाय ठरत नाही. लिव्हरमध्ये आधी एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं) किंवा अॅब्लेशन (गाठ जाळणं) झालं असेल तर तिथला भाग मुळातच पांढरा दिसतो. प्लेन नसेल तर तो जिवंत ट्यूमर वाटेल. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या) किंवा किडनीच्या कर्करोगाच्या मेटास्टेसिसना आर्टिरियल फेज लागते, कारण पोर्टलमध्ये त्या लिव्हरच्याच रंगाच्या होऊन बसतात.

लांबीवरही नजर ठेवा. डायफ्रॅमच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वर सवयीने घेतलेले ५ सेमी दर फेजला ६० डीएलपी वाढवतात. छाती आणि पोट वेगवेगळ्या रेंजमध्ये घेताना मध्ये होणारी ओव्हरलॅप तर लिव्हरच्या वरच्या भागावर दुप्पट डोस टाकते.

टेबलावर: मध्य साधा

ट्यूबसमोर बो-टाय फिल्टर असतो. तो मध्यभागी पातळ, कडांना जाड; माणूस मध्यावर आहे असं धरूनच तो घडवलेला. पेशंट खाली-वर सरकला की अंगाचा जाड भाग फिल्टरच्या जाड भागामागे जातो आणि नॉइज वाढतो, तर दुसऱ्या बाजूच्या पातळ कडेला जास्त किरण मिळतात. फँटमवरच्या मोजमापांत ३ सेमी सरकल्यावर पृष्ठभागाचा डोस सुमारे १८ टक्के आणि ६ सेमीला ४० टक्क्यांच्या वर वाढलेला आढळला आहे.

यापेक्षाही फसवी गोष्ट स्काउटची. ट्यूब टेबलाखाली ठेवून स्काउट घेतला आणि पेशंट मध्याच्या खाली असेल, तर तो ट्यूबजवळ येतो, त्याची सावली मोठी पडते. ऑटोमॅटिक एमएला (पेशंटच्या जाडीनुसार एमए ठरवणाऱ्या यंत्रणेला) वाटतं माणूस जाडा आहे, डोस चढतो. ट्यूब वर असेल तर उलट होतं: तोच पेशंट बारीक दिसतो, एमए कमी पडतो आणि इमेज दाणेदार येते. ‘या मशीनवर कधी चांगलं येतं, कधी नाही’ अशी तक्रार असेल तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलावण्याआधी टेबलाची उंची बघा.

लेझरची आडवी रेघ मिडअॅक्सिलरी लाइनवर (काखेच्या मध्यातून खाली जाणाऱ्या रेघेवर) आणा आणि बाजूचा स्काउट घेऊन खात्री करा. टेबलाची उंची बदलली किंवा पेशंट हलला, तर स्काउट पुन्हा घ्या. त्याचा डोस क्षुल्लक असतो. स्काउट स्कॅनच्या रेंजपेक्षा दोन्ही टोकांना थोडा लांब हवा, नाहीतर न दिसलेल्या भागासाठी मशीन अंदाजाने एमए लावतं.

हात डोक्यावर. खाली राहिले तर लिव्हरवर आडवे पट्टे येतात आणि एमएही वाढतो. खांदा उचलता येत नसेल तर हात कडेला न ठेवता पोटावर उशी ठेवून त्यावर ठेवायला सांगा. पट्टे बरेच कमी होतात. ईसीजीच्या तारा आणि बेल्टचं बक्कल रेंजबाहेर. श्वास धरण्याचा सराव टेबलावर एकदा करून घ्या, कारण हललेला स्कॅन परत घ्यावा लागला की आधीचा सगळा डोस पाण्यात जातो.

ऑटोमॅटिक एमए: उलटसुलट नॉब

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि घोळ इथेच होतो. जीईच्या मशीनवर नॉइज इंडेक्स द्यायचा, म्हणजे किती नॉइज चालेल ते. हा वाढवला की डोस घटतो. सीमेन्सवर क्वालिटी रेफरन्स एमएएस (एमए गुणिले सेकंद) असतो. तो वाढवला की डोस वाढतो. दोन मशीनवर काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवलं नाही तर एका मशीनवरची सुधारणा दुसरीकडे उलटी बसते.

नॉइज डोसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात चालतो. डोस निम्मा केला तर नॉइज ४१ टक्के वाढतो. नॉइज इंडेक्स १० टक्क्यांनी वाढवला तर डोस सुमारे १७ टक्के कमी होतो. काही मशीनवर हा इंडेक्स पहिल्या रीकॉनच्या (डेटातून बनवलेल्या इमेजच्या) जाडीला बांधलेला असतो. पहिला रीकॉन ५ मिमीवरून २.५ मिमीवर आणला आणि इंडेक्स तसाच ठेवला, तर मशीन गुपचूप एमए दुप्पट करतं. प्रोटोकॉलमध्ये ‘फक्त स्लाइस पातळ केला’ असं कोणी म्हटलं की डीएलपी तपासाच.

किमान आणि कमाल एमएच्या मर्यादाही बघा. किमान मर्यादा उंच ठेवलेली असेल तर बारीक पेशंटला बचतच होत नाही. कमाल मर्यादेला एमएचा आलेख सपाट टेकलेला दिसला, तर ओटीपोटात दाणे येणार हे नक्की. तिथे रोटेशन टाइम (ट्यूबच्या एका फेरीचा वेळ) वाढवा किंवा पिच (एका फेरीत टेबल सरकण्याचं प्रमाण) कमी करा. मणक्यात किंवा खुब्यात धातू असेल तर स्काउटवर तो हाडापेक्षाही पांढरा दिसतो आणि एमए फुकट उसळतो. अशा पेशंटला कमाल मर्यादा हाताने खाली घ्या आणि धातूचे पट्टे काढणारा रीकॉन वापरा.

केव्ही आणि कॉन्ट्रास्ट एकत्र ठरवा

कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनची के-एज (जिथून ते किरण एकदम जास्त शोषू लागतं ती ऊर्जा) ३३.२ केईव्हीला आहे. केव्ही कमी केला की किरणांची सरासरी ऊर्जा त्या आकड्याच्या जवळ येते आणि आयोडीन जास्त उजळतं. १२० वरून १०० केव्हीला आयोडीनचे एचयू साधारण पाव पटीने वाढतात, आणि तेवढ्याच एमएएसला सीटीडीआयव्हॉल सुमारे ४० टक्के उतरतो.

हिशेब असा. १२० केव्हीला लिव्हर-गाठ फरक ३५, नॉइज १२, गुणोत्तर २.९. १०० केव्हीला फरक ४४, नॉइज १५, गुणोत्तर तेच. इमेज दाणेदार दिसेल, पण गाठ तितकीच दिसेल. म्हणून केव्ही उतरवताना नॉइजचं लक्ष्यही सैल करावं लागतं. ते १२ वरच ठेवलं तर ऑटोमॅटिक एमए वाढवून बचतीचा मोठा भाग खाऊन टाकतो. ‘केव्ही कमी केला तरी डोस उतरला नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच.

सुरुवातीला ६० किलोपर्यंत ८० केव्ही, ६० ते ९० किलोला १०० आणि त्यावर १२० अशी पट्टी धरा. ८० केव्हीला ट्यूबची ताकद पुरते का, ते एमएच्या आलेखावरून कळेल; सपाट टेकला तर १०० वर या. हा फायदा आयोडीनच्या फेजपुरताच. प्लेनमध्ये लिव्हर आणि गाठ यांतला फरक केव्ही उतरवून फारसा वाढत नाही.

एचयूच्या ठरलेल्या मर्यादा १२० केव्हीच्या आहेत. अॅड्रिनल अॅडिनोमाची १० एचयूची मर्यादा ८० केव्हीच्या स्कॅनला लावू नका. बोलस ट्रॅकिंगचं (कॉन्ट्रास्ट महाधमनीत पोचल्यावर स्कॅन सुरू करण्याचं) १०० एचयूचं ट्रिगरही कमी केव्हीला लवकर वाजतं आणि आर्टिरियल फेज घाईत निघते.

कॉन्ट्रास्ट १२० केव्हीला किलोमागे ५०० ते ६०० मिलिग्रॅम आयोडीन धरतात. ६० किलोच्या माणसाला ५५० प्रमाणे ३३ ग्रॅम, म्हणजे ३५० च्या (मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीनच्या) बाटलीतून ९४ मिली, त्यामागे ३०-४० मिली सलाइन. १०० केव्हीला आयोडीन २० टक्के कमी करता येतं. पण उजळणीचा फायदा एकदाच खर्च होतो: डोस उतरवा किंवा आयोडीन उतरवा. दोन्ही पूर्ण उतरवले की इमेज फिकी आणि दाणेदार, दोन्ही होते. किडनी कमकुवत असेल तर आयोडीन, तरुण पेशंट असेल तर डोस, असं आम्ही सुचवू.

लिव्हरच्या उशिराच्या आर्टिरियल फेजसाठी ट्रिगरनंतर १५ ते २० सेकंद, पोर्टलसाठी इंजेक्शन सुरू झाल्यापासून सुमारे ७० सेकंद. वेळ साधली का, ते शिरांवरून ओळखा. पोर्टल शीर थोडी उजळलेली आणि हिपॅटिक शिरा अजून काळ्या असतील तर आर्टिरियल बरोबर आली. पोर्टल शीरही काळी असेल तर घाई झाली, आणि एचसीसी सुटण्याची भीती इथेच सगळ्यात जास्त.

स्लाइस, कर्नल, विंडो

डेटा पातळ घ्या, वाचा जाड. ५ मिमीला १२ असलेला नॉइज १ मिमीला √५ पटीने वाढून २७ होतो. लिव्हर ३ मिमीवर, मऊ कर्नलने (इमेज गुळगुळीत ठेवणाऱ्या फिल्टरने) वाचा. फुप्फुस १ मिमीवर, जोडीला ८-१० मिमीचा एमआयपी (जाड थरातले सगळ्यात उजळ बिंदू दाखवणारी इमेज). लिव्हरसाठी विंडोची (पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात दाखवायच्या एचयूच्या पट्ट्याची) रुंदी १५० च्या आसपास आणा. ४०० च्या रुंदीत ३० एचयूचा फरक डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. एवढी बटणाची गोष्ट न करता डोस वाढवून मागणारे कमी नाहीत.

इटरेटिव्ह आणि डीप लर्निंग रीकॉन

पुन्हापुन्हा हिशेब करून (इटरेटिव्ह) किंवा शिकवलेल्या एआयने (डीप लर्निंग) इमेज बनवणाऱ्या या पद्धती आकड्यातला नॉइज हमखास कमी करतात. पण नॉइजचं स्टँडर्ड डेव्हिएशन उतरलं म्हणजे गाठ सापडण्याची शक्यता तेवढीच वाढली, असं नाही. इटरेटिव्ह रीकॉन वरच्या पायरीवर नेला की बारीक दाणे जाऊन मोठे, गुळगुळीत डाग उरतात. लिव्हर मेणाचं किंवा प्लास्टिकचं वाटतं. हे डाग ५-८ मिमीचे, म्हणजे नेमके लहान मेटास्टेसिसच्या मापाचे असतात. मधली पायरी धरा. पाच पायऱ्या असतील तर तिसरी. जास्त फरकाच्या कामात, म्हणजे फुप्फुस, किडनीचे खडे, हाड इथे डोस बराच उतरवता येतो. लिव्हरसारख्या कमी फरकाच्या कामात २०-२५ टक्क्यांच्या पुढे जाताना पुरावा हवा.

डीप लर्निंग रीकॉनचा पोत जुन्या फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शनच्या जवळ राहतो, म्हणून तो डोळ्याला पटतो. पटतो म्हणूनच सावध राहा. पहिल्या ३० केसेसमध्ये त्याच रॉ डेटाचा सौम्य पायरीचा दुसरा रीकॉन शेजारी ठेवा. मशीनवर रॉ डेटा थोडेच दिवस टिकतो, तेव्हा हे त्याच दिवशी करा.

आता एमए, तेही पायरीपायरीने

आधी फँटम. एसीआर या अमेरिकी रेडिऑलॉजी संस्थेच्या सीटी फँटममध्ये चार भाग आहेत. त्यातल्या कमी फरकाच्या भागात नळ्या आणि पार्श्वभूमी यांत जेमतेम ६ एचयूचं अंतर असतं. सध्याच्या सेटिंगला, मग २० टक्के कमी आणि ४० टक्के कमी डोसला स्कॅन करा. २५ मिमीच्या वर्तुळात आणि त्याच्या शेजारी आरओआय (मोजणीचं वर्तुळ) ठेवा; दोन्ही सरासरींतला फरक पार्श्वभूमीच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा. पोटाच्या प्रोटोकॉलला हे उत्तर १ च्या वर राहिलं पाहिजे. त्या दिवशी पाण्याचा एचयू ० च्या ५ अलीकडे-पलीकडे आहे ना, ते आधी बघा. कॅलिब्रेशनच हललेलं असेल तर बाकीची मोजणी व्यर्थ.

मग पेशंट. ६० ते ८० किलो वजनाच्या किमान ३० जणांचा सीटीडीआयव्हॉल काढून मीडियन (मधला आकडा) घ्या आणि डायग्नॉस्टिक रेफरन्स लेव्हलशी (त्या तपासणीसाठी ठरलेल्या डोसच्या संदर्भ-पातळीशी) ताडा. एका वेळी २० टक्क्यांहून जास्त उतरवू नका. नव्या-जुन्या इमेज मिसळून दोन रेडिऑलॉजिस्टना द्या, कोणती कुठली ते सांगू नका. ‘क्वालिटी कशी वाटते?’ असं विचारूही नका. सुंदर इमेजला सगळेच चांगले गुण देतात. गाठी किती, कोणत्या सेगमेंटमध्ये, खात्री १ ते ५ पैकी किती, हे विचारा आणि एमआरआय किंवा नंतरच्या स्कॅनशी पडताळा. अमेरिकेतल्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था), एएपीएम आणि मेयो क्लिनिकच्या २०१६ च्या लो-डोस स्पर्धेत पाव डोसाच्या इमेजेसची परीक्षाही रेडिऑलॉजिस्टना लिव्हरच्या मेटास्टेसिस सापडतात का, यावरच होती.

सगळ्यात आधी सुटतात त्या डायफ्रॅमखालच्या घुमटातल्या आणि कॅप्सूलला (लिव्हरच्या आवरणाला) चिकटलेल्या गाठी. त्यांची खात्री ४ वरून २ वर घसरली की एक पायरी मागे या, भले बाकीचं लिव्हर स्वच्छ दिसत असो.

फॉलोअपच्या पेशंटला मध्येच प्रोटोकॉल बदलायचा असेल तर थोडं थांबून विचार करा. रेसिस्ट १.१ मध्ये (उपचारांत गाठी मोजण्याच्या नियमावलीत) मोजण्याजोगी गाठ १० मिमीची, तीही ५ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइसवर. मागचा स्कॅन ५ मिमीचा आणि आजचा १ मिमीचा असेल, किंवा मागचा १२० केव्हीचा आणि आजचा ८० चा, तर न वाढलेली गाठ वाढल्यासारखी किंवा जास्त उजळल्यासारखी दिसू शकते. मोजणीसाठी जुन्याच जाडीचा एक रीकॉन करा आणि केव्ही, फेज, स्लाइस व रीकॉनची पायरी रिपोर्टच्या टेक्निकच्या ओळीत लिहा. पुढच्या स्कॅनला टेबलापाशी उभा असलेला टेक्निशियन तीच ओळ उघडून बघणार आहे.